गाविलगडावर ओवीनं वाचलेली भिंत

आमची ओवी दुसरीत आहे आणि दिवाळीपासून तिला वाचायचा असा काही नाद लागलाय की दिसेल ते अक्षर मोठ्यानं म्हटल्याशिवाय तिला पुढं जाववतच नाही. अंजनगाव सुर्जीवरून चिखलदऱ्याला निघालो तेव्हापासून ट्रकच्या मागची पाटी, जिनिंगचा बोर्ड, संत्र्याच्या बागेतलं 'कुत्र्यापासून सावध राहा', कृषी केंद्रांची नावं, सगळं सुरू होतं. परतवाडा येईपर्यंत तिच्या बाबांनी दोनदा सांगून पाहिलं की थोडी झोप माय, पण छे. घाट लागला आणि मग मात्र धाकट्या बाळूला उलटी झाली, दुसऱ्या वळणावर ओवीलाही, आणि वाचन बंद पडलं. लिंबू, ओवा, खिडकी उघडी, सगळं करून झालं. लहान पोरं घेऊन चिखलदऱ्याचा घाट चढणार असाल तर रिकाम्या पोटीही नको आणि भरल्या पोटीही नको. मी सकाळी दोघांना प्रेमानं गरम शिरा चारला होता, तो सगळा सीटवर आला.

यावेळी सोबत सासरेही होते, म्हणजे आमचे आबा. कापसाचा पहिला वेचा घरी आला होता म्हणून ते हो म्हणाले, नाहीतर शेत सोडून रात्रभर बाहेर राहणारा माणूस नाही तो. वावराच्या धुऱ्यावर उभं राहिलं की उत्तरेकडं सातपुड्याची निळी रांग दिसते, जन्मभर रोज पाहिली, पण तिथल्या गाविलगड किल्ल्यावर पाय कधी ठेवला नाही असं ते गाडीत एकदाच बोलले आणि नंतर गप्प बसले.

चिखलदऱ्यात राहिलो त्या ठिकाणाबद्दल फार लिहीत नाही. पैसे भरपूर घेतले, गरम पाणी सकाळी सहा ते सात एवढंच, आणि गाद्यांना ओल्या पोत्याचा वास. थंडी चांगलीच होती आणि जास्तीची रजई मागितली तर तिचे वेगळे पैसे सांगितले. चार वर्षांचं लेकरू कुडकुडताना दिसत असतानाही. याचा राग मला अजून आहे. त्याउलट रस्त्याकडेला खवा-रबडी विकणाऱ्या गवळी बाईनं बाळूला पाहून न विचारता द्रोणात वेगळी रबडी काढून दिली आणि त्याचे पैसे घेतलेच नाहीत. गाविलगडाचं नाव या गवळ्यांवरूनच पडलं असं म्हणतात. भीमकुंड, देवी पॉइंट, गर्दी, मक्याची कणसं, सेल्फी, यात पहिला दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती आणि पाणी पाच लिटर, कारण वर प्यायला पाणी मिळेल या भरवशावर लहान पोरांना घेऊन जाऊच नये. आम्हाला तरी वर कुठं दिसलं नाही. गवत कमरेएवढं, वाळून पिवळं पडलेलं, त्यात बाळू तर पूर्ण बुडत होता, नुसती टोपी दिसायची. मोठ्या माणसाला जो रस्ता अर्ध्या तासाचा, तो आम्हाला दीड तास लागला, कारण दर दहा पावलांवर काहीतरी होतंच. शेणातला किडा, माकडाची शेपूट, सागाचं पान, ते फाटलं म्हणून रडणं, मग दुसरं पान. हे पुढं निघून जायचे आणि परत यायचे. आबांची आणि बाळूची चाल मात्र बरोबर जमली, दोघं एकमेकांचं बोट धरून मागून येत होते आणि आबा त्याला प्रत्येक झाडाचं नाव सांगत होते. हा मोह, हा तेंदू, हा धावडा. मला धावडा ओळखता येत नाही हे मला तेव्हा कळलं.

दिल्ली दरवाज्याशी पोचलो आणि ओवीचं वाचन परत सुरू झालं.

हे ओवीला सांगत होते की वर बघ, दगडात दोन तोंडांचा पक्षी कोरलाय, त्याला गंडभेरुंड म्हणतात, त्यानं हत्ती पकडलेत बघ. हे शाळेत इतिहास शिकवतात, त्यामुळं सांगतात छान. ज्या फतहुल्ला इमाद-उल-मुल्कनं हा किल्ला नीट बांधून काढला आणि १४९० मध्ये वऱ्हाडात स्वतःची इमादशाही सुरू केली, तो मुळात विजयनगरकडचा हिंदू पोरगा, लहानपणी लढाईत पकडून इकडं आणलेला. आणि हा पक्षी तिकडच्या देवळांमध्येही असतो. मला हे ऐकून कसंतरीच झालं. आईपासून तोडून आणलेलं लेकरू मोठं होतं, राजा होतं आणि इतक्या लांब, या डोंगरात, आपल्या गावाकडचा पक्षी दगडात कोरून ठेवतं. तसंच असेल असं नाही, पण माझ्या मनात तेच आलं आणि मी तिथं उभीच राहिले.

आणि ओवी मोठ्यानं वाचत होती, "सुनील. पूजा. बदामात एस पी. आकाश दोन हजार एकोणीस. जय. विक्की लव्ह... आई, हे काय लिहिलंय?"

खालपासून हात पोचेल तिथपर्यंत नावंच नावं. चुन्यानं, कोळशानं, ऑइलपेंटनं, कुणी तर खिळ्यानं खोल कोरलेली. ती एकेक अक्षर बोट लावून वाचत होती, नव्यानं वाचायला शिकलेलं पोर कसं वाचतं तसं, अगदी मन लावून. तिनं वर पक्ष्याकडं पाहिलंच नाही, कारण पक्षी वाचता येत नाही. मग वळून तिनं विचारलं, "आई, हा किल्ला सुनीलचा आहे का?"

मला उत्तरच सुचेना. घरी तिनं भिंतीवर पेन्सिलची रेघ ओढली की मी ओरडते. इथं पाचशे वर्षांच्या दगडावर मोठी, कमावती माणसं नाव लिहून गेलीत आणि मी तिला काय सांगू?

तेवढ्यात पलीकडं चार-पाच पोरं होती, त्यातला एक दगडानं दगड खरवडत होता. आबा आमच्याकडं कमी बोलतात, बाहेरच्यांशी तर नाहीच. पण ते बाळूचं बोट सोडून सरळ तिकडं गेले.

"काय करून रायले बे पोट्टेहो? हे भित तुमच्या बापाची हाय का?"

पोरगा म्हणाला, "आबाजी, आधीच तं लिहेल हाये सगळ्यायनं."

"सगळ्यायनं शेण खाल्लं म्हून तू बी खाशीन? ज्याची हाय त्याले इचारलं?"

ते पोर हसलं, पण त्यानं दगड टाकला. आबा तिथंच उभे राहिले, ती पोरं निघून जाईपर्यंत. माझे हातपाय थरथरत होते, आजकाल कोण कधी अंगावर येईल सांगता येत नाही. पण खरं सांगते, मी स्वतः तोंड उघडलं नसतं आणि त्याची मला लाज वाटली.

पुढं वर पडकी मशीद, तळं, बुरुजावरची तोफ, सगळं पाहिलं. तोफेवर दोघंही चढले आणि उतरायला तयार नव्हते. १८०३ च्या डिसेंबरमध्ये इंग्रजांनी डोंगरातून तोफा ओढत आणून भिंती फोडल्या आणि १५ तारखेला किल्ला पडला. पंधरा दिवसांनी शिंद्यांचा तह झाला तो आमच्या सुर्जी अंजनगावातच. हे सांगत होते आणि आबा दक्षिणेच्या तटावरून खाली धुरकट मैदानाकडं बघत होते. बाळूनं विचारलं, "आबा, आपलं वावर कोणतं?" तर म्हणाले, "दिसत नाही रे, पन हाय तिथीच." तिथंच बसून दशम्या खाल्ल्या, सगळ्या संपल्या.

उतरताना बाळू पूर्णवेळ ह्यांच्या खांद्यावर झोपलेला. घाटात कुणालाच उलटी झाली नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्वयंपाकात होते आणि ओसरीवरून ओवीचा आवाज आला.

"आबा, ही भिंत तुमची आहे ना?"

"हो, काहून?"

"मला त्यावर तो दोन तोंडांचा पक्षी काढायचाय. काढू का?"

मी पोळी तव्यावर तशीच टाकून बाहेर आले, नको म्हणायलाच खरं तर. भिंत दिवाळीलाच रंगवलेली. पण आबांनी चुलीतला विझलेला कोळसा आणून तिच्या हातात दिलेला होता आणि स्वतः खाट सरकवून जागा करून देत होते.