बटण बंद, स्वयंपाक चालू

जून-जुलैत बेळगावच्या टिळकवाडी, वडगाव, अनगोळ, उद्यमबाग या भागांत भाड्याच्या खोल्या भरायला लागतात आणि सोबत गॅस कनेक्शन नसलेल्यांची हॉटप्लेटची खरेदी सुरू होते. खडेबाजार, गणपत गल्लीकडच्या दुकानांत ‘हॉटप्लेट’ मागितली की तीन वेगळ्या वस्तू समोर येऊ शकतात. पहिली, चिनी मातीच्या खाचेत उघडी स्प्रिंग बसवलेली जुनी शेगडी. दुसरी जी-कॉइल, म्हणजे वेटोळं केलेली धातूची नळी. तिची तार आत असते आणि भोवती पांढरी पूड ठासलेली असते. तिसरी बिडाच्या बंद तबकडीची, रेग्युलेटर असलेली. इंडक्शन ही चौथी वस्तू, पण ती वेगळ्या जातीची असल्याने इथे बाजूला ठेवतो.

उघड्या स्प्रिंगची शेगडी सर्वांत स्वस्त, आणि माझं मत विचाराल तर घेऊच नये. तार उघडी असते आणि तिच्यात २३० व्होल्ट खेळत असतात. चमचा लागला, दूध उतू गेलं किंवा पातेलं कलंडलं की करंट थेट भांड्यात येतो. खोलीत रोजचा भात, आमटी, चहा करायचा असेल तर बिडाची तबकडी घ्या. भाकरी रोज लागत असेल तर जी-कॉइल. दोन्हींत १५०० वॅटची पुरते. २००० वॅटची घेण्यापूर्वी खोलीतली वायरिंग बघा, कारण निम्मी दुखणी शेगडीत नसतात, बोर्डात असतात.

हिशोब सोपा आहे: वॅटला २३० ने भागलं की अँपिअर निघतात. १००० वॅटला साधारण ४.३, १५०० ला ६.५, २००० ला ८.७ अँपिअर. आपल्याकडचं लहान सॉकेट ६ अँपिअरचं. म्हणजे १५०० वॅटची शेगडीच त्याच्या बाहेर जाते. तिला जाड पिनांचं, १६ अँपिअरचं सॉकेट लागतं, ज्याला सगळे पॉवर प्लग म्हणतात. जाड पिना लहान सॉकेटात बसवून देणारा अडॅप्टर बाजारात मिळतो. तो आणू नका. सॉकेटमागे आलेली बारीक वायर त्याने जाड होत नाही. मोबाइल चार्जिंगसाठी घेतलेल्या एक्स्टेन्शन बॉक्सचंही तेच, आणि तो गुंडाळून ठेवला असेल तर वेटोळ्यातली उष्णता बाहेरच पडत नाही, वरचं प्लास्टिक मऊ होतं. एक्स्टेन्शन लागतच असेल तर १५०० वॅटला १.५ आणि २००० ला २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची तीन कोअर वायर, लांबी जेमतेम लागेल तेवढी.

शहापूर, वडगावच्या जुन्या घरांत अजून दोन भोकांची सॉकेटं सापडतात, तिथे अर्थिंग नसतं. धातूच्या अंगाची शेगडी अशा ठिकाणी लावू नये. तीन भोकं दिसली म्हणजे अर्थिंग आहे, असंही नाही. वायरमनला बोलावून एकदा तपासून घ्यावं. पहिल्या दिवशी शेगडी दहा मिनिटं चालवून बटण बंद करा, प्लग काढा आणि पिनांना सांभाळून बोट लावा. कोमट असतील तर चालेल. चटका बसला तर सॉकेटातली पकड ढिली आहे, आणि ते सॉकेट महिन्या-दोन महिन्यांत काळं पडणार.

नवी बिडाची तबकडी पहिल्यांदा खिडकी उघडून, भांडं न ठेवता चार-पाच मिनिटं पूर्ण जोरावर तापवायची. वरचा थर जळताना धूर आणि वास येतो. तो एकदाच येतो. हे न करता चहा ठेवला तर खोलीभर तोच वास कोंडतो.

व्होल्टेजचं एक समजून घेतलं की बरीच कोडी सुटतात. निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या गावांत शेतातले पंप चालू झाले की व्होल्टेज पडतं. शेगडीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० चे १९० झाले तर व्होल्टेज सतरा टक्क्यांनी कमी झालं, पण २००० वॅटची शेगडी जेमतेम १३६५ वॅटची उरते. ताकद सुमारे एक तृतीयांश गेली. त्या वेळी भाकरी फुगत नाही, कुकर शिट्टी देत नाही, आणि लोक शेगडीला नावं ठेवतात. अशा वेळी भात, आमटी उरकून घ्यावी आणि भाकरी व्होल्टेज सुधारल्यावर थापावी. इन्व्हर्टरवर मात्र हॉटप्लेट लावायची नाही. घरगुती इन्व्हर्टर तो भार ओढत नाही, आणि ओढला तरी बॅटरी बघता बघता बसते.

आता स्वयंपाक. गॅस आणि बिडाची हॉटप्लेट यांत मुख्य फरक वेळेचा आहे. गॅस कमी केला की आच त्याच क्षणी कमी होते. बीड तापायला तीन-चार मिनिटं घेतं आणि बटण बंद केल्यावरही सात-आठ मिनिटं पातेलं उकळत ठेवण्याइतकं गरम राहतं. बरेच जण पदार्थ शिजल्यावर बटण बंद करतात, तोवर तो तळाला लागलेला असतो. बटण पदार्थाच्या पाच मिनिटं आधी बंद झालं पाहिजे. रेग्युलेटरही आच बारीक करत नाही, आतली पट्टी तापली की तो वीज तोडतो आणि निवली की पुन्हा जोडतो. लाल दिवा विझलेला दिसला म्हणजे शेगडी बिघडली असं नाही. म्हणून मंद आचेवर ठेवलेलं पिठलं मध्येच गप्प बसतं आणि मध्येच बुडबुडे उडवतं. त्याला जाड बुडाचं भांडं हाच उपाय.

भांडं सपाट बुडाचं हवं, तबकडीएवढं किंवा बोटभर मोठं. जुन्या ॲल्युमिनियमच्या कुकरचं बूड बहुधा बाहेर फुगलेलं असतं. ते उलटं करून त्यावर स्टीलची पट्टी आडवी धरा. पट्टी मध्ये टेकून दोन्ही कडांना डुलत असेल तर तो कुकर हॉटप्लेटवर दुप्पट वेळ खाणार, कारण मधला रुपयाएवढा भाग सोडला तर बाकीचं बूड तबकडीला शिवतच नाही.

बेळगाव बासमतीचा भात या शेगडीवर गॅसपेक्षा चांगला होतो, हे ठामपणे सांगता येतं. दोन वाट्या तांदूळ दोनदा धुऊन वीस मिनिटं भिजवायचा. जुना असेल तर चार वाट्या पाणी, नव्याला साडेतीन. जाड बुडाच्या पातेल्यात मीठ आणि चमचाभर तेल घालून पूर्ण जोरावर उकळी आणायची. शेगडी तापण्यासकट आठ-नऊ मिनिटं जातात. उकळी आली की रेग्युलेटर निम्म्याच्या खाली आणायचा आणि झाकण अर्धवट ठेवायचं. चार-पाच मिनिटांत पाणी तांदळाच्या पातळीला येतं आणि वर बारीक भोकं पडतात. तेव्हाच बटण बंद. घट्ट झाकण, त्यावर पाण्याचा तांब्या, आणि बारा मिनिटं पातेलं हलवायचं नाही. उरलेलं पाणी बिडाच्या उष्णतेवर मुरतं, शीत मोकळं राहतं, वासही जात नाही. खाली पापुद्रा धरला तर पुढच्या वेळी बटण दोन मिनिटं आधी बंद करा.

अख्ख्या मसुराला तीन लिटरचा कुकर. वाटीभर मसूर तासभर भिजवून तीन वाट्या पाणी, हळद, थोडं तेल. पहिली शिट्टी पूर्ण जोरावर, मग रेग्युलेटर खाली. दुसऱ्या शिट्टीला बटण बंद करून कुकर तिथेच ठेवायचा, तिसरी शिट्टी बरेचदा बंद शेगडीवरच होते. डाळ-मसूर उघड्या पातेल्यात शिजवण्याच्या भानगडीत पडू नये. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे, इथे पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. कोकणातल्यापेक्षा तूरडाळ इथे जास्त वेळ घेते आणि तेवढा वेळ मीटर फिरत राहतो.

भाकरीची गोष्ट जरा अवघड आहे. आपला घरचा खोलगट तवा तबकडीला फक्त मध्ये टेकतो, त्यामुळे भाकरी मध्ये करपते आणि कडेला कच्ची राहते. सपाट बिडाचा तवा घ्या आणि तो पूर्ण जोरावर सात-आठ मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नुसता वाफाळून न जाता गोळी होऊन पळाला की तवा तयार. भाकरी तबकडीपेक्षा मोठी थापू नका, सहा-सात इंच बस. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचं आणि ते सुकत आलं की लगेच उलटायची. पाणी पूर्ण वाळू दिलं तर पापुद्र्याला भेगा पडतात आणि वाफ तिथूनच निसटते. दुसरी बाजू नीट भाजू द्यायची, मग पुन्हा उलटून स्वच्छ फडक्याने कडा दाबत फिरवायच्या. पीठ ताजं असेल तर तव्यावरच फुगते. पंधरा दिवसांपूर्वीच्या दळणाची विरी गेलेली असते, थापताना कडा चिरतात. ते पीठ कढत पाण्यात भिजवा, काम भागतं. तांदळाच्या भाकरीला तर उकडच काढायची.

जी-कॉइलवर शेवटची बाजू जाळीवर फुगवता येते. बटण बंद करून, कॉइल लाल आहे तोवर जाळी ठेवायची आणि भाकरी वीस-तीस सेकंद फिरवायची. पुढची भाकरी तव्यावर टाकताना बटण पुन्हा चालू. उघड्या स्प्रिंगवर जाळी, चिमटा, उलथनं काहीही न्यायचं नाही. बटण बंद असलं तरीसुद्धा नाही. वायरिंग उलटी असेल तर बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज, म्हणजे करंट, स्प्रिंगमध्ये तसाच राहतो.

फोडणीच्या पदार्थांना शेजारी कडप्प्याचा एक तुकडा ठेवावा. मोहरी तडतडली आणि आच कमी करायची असली की कढई उचलून त्यावर. रेग्युलेटर फिरवून काही होत नाही, मिरची तोवर काळी झालेली असते. चुरमुऱ्यांचा सुशीला हा या शेगडीला शोभणारा पदार्थ. दोघांना शंभर ग्रॅम चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळून ठेवायचे. फोडणीत शेंगदाणे, हिरवी मिरची, कांदा परतायचा, कांदा मऊ झाला की हळद, मीठ आणि बटण बंद. मग चुरमुरे आणि दोन चमचे डाळव्याची पूड घालून उरलेल्या उष्णतेवर परतायचं. चालू शेगडीवर परतलात तर चुरमुरे तळाला चिकटून लगदा होतो. दुधालाही हाच नियम. कडेने साय सुरकुतली की बटण बंद करून पातेलं कडप्प्यावर.

आता पावसाळा. खानापूरकडे आणि शहरातही हवा महिनोन्‌महिने दमट असते. जी-कॉइलच्या नळीतली पूड टोकांकडून ओल धरते. बरेच दिवस न वापरलेली शेगडी लावली की घरातली आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच, खटकन पडते. शेगडी जळालेली नसते, ओलीमुळे थोडा करंट शेगडीच्या धातूच्या अंगाकडे गळत असतो. दोन-तीन दिवस कोरड्या, उबदार जागी ठेवून पुन्हा लावा. तरी पडत राहिली तर वायरमनकडून मेगरने (करंटची गळती तपासायचं यंत्र) तपासून घ्या. आरसीसीबीला बगल देऊन थेट जोडणारे महाभाग असतात, त्यांच्या नादी लागू नका. बिडाची तबकडी ओल्या फडक्याने पुसल्यावर दोन-तीन मिनिटं तापवून कोरडी करायची, नंतर तेलाचा हात. नाहीतर चार दिवसांत तांबूस गंज.

बिलाचंही बघून ठेवा. दोघांचा दोन वेळचा स्वयंपाक दीड ते दोन युनिट खातो, महिन्याला ४५ ते ६०. गृहज्योतीची, म्हणजे कर्नाटक सरकारच्या घरगुती मोफत विजेच्या योजनेची, मर्यादा २०० युनिटची आहे आणि त्याच्या वर गेलं की हेस्कॉम या इथल्या वीज कंपनीचं बिल पूर्ण येतं. मंजूर युनिट त्या मीटरच्या जुन्या वापरावरून ठरलेले असतात. घरमालकाच्या मीटरवर असाल तर शेगडी आणण्याआधी बोलून घ्या, नंतर कुरबुरी होतात.

घरात उघड्या स्प्रिंगची शेगडी आधीच असेल आणि तार तुटली तर पीळ देऊन जोडू नका. जोडाच्या जागी तार जास्त तापते आणि आठवड्यात तिथेच तुटते. एकदा तापलेली नायक्रोम, म्हणजे स्प्रिंगची तार, ठिसूळ असते, ओढायला गेलं की मोडते. नवी स्प्रिंग शेगडीचे वॅट सांगून घ्या. दोऱ्याने खाचेची लांबी मोजा आणि स्प्रिंग बसवण्याआधीच दोन्ही टोकं धरून तेवढी एकसारखी ताणा. खाचेत बसवता बसवता ताणली तर काही वेटोळी दाट राहतात. ती जागा इतरांपेक्षा लालभडक दिसते आणि आधी तिथेच तुटते. टोकांवरचे चिनी मातीचे मणी जुन्या तारेवरून काढून नव्या तारेवर न विसरता ओवा, कारण पत्र्याच्या भोकातून तार जाते तिथे तिला पत्र्यापासून वेगळं ठेवायला तेवढेच असतात.