पुणे–दिल्ली स्वस्त विमानाने: वाचलेले पैसे आणि गेलेली रात्र

उत्तराखंडातल्या केदारकांठ्याच्या हिवाळी ट्रेकला जाणाऱ्यांनी ट्रेकची माहिती इतरत्र वाचावी, कारण मला जे सांगायचे आहे ते लोहगाव ते दिल्ली आणि मुख्यतः दिल्ली ते लोहगाव या प्रवासाबद्दल आहे. जानेवारी २०२५ मध्ये मी आणि माझी थोरली बहीण, वय वर्षे ६२, असे दोघेच गेलो होतो. ताई दर रविवारी सिंहगड चढते, त्यामुळे पायथ्याचे सांकरी गाव ते माथा हे १२,५०० फुटांपर्यंतचे चार दिवस निर्विघ्न पार पडले. हवा स्वच्छ होती, बर्फ चांगला होता, वाटाडे उत्तम होते. संपूर्ण सहलीत आम्हाला खरा त्रास झाला तो सपाट फरशीवर, दिल्ली विमानतळाच्या एका गेटासमोर, रात्री आठ ते पहाटे पाच या वेळात.

तिकिटे मी दोन महिने आधी काढली होती. स्वस्त कंपनीचे जाण्याचे भाडे माणशी ४,३८० आणि येण्याचे ४,७२० रुपये होते. जेवण आणि आसननिवड भाड्यातच धरणाऱ्या दुसऱ्या कंपनीचे त्याच तारखांचे भाडे अनुक्रमे ५,९६० आणि ६,६५० रुपये दिसत होते. दोघांचे मिळून ७,०२० रुपये वाचत होते. ज्यांनी ज्यांनी सल्ला दिला त्या सर्वांचे म्हणणे एकच होते, की दोन तासांचा तर प्रवास, त्यात सेवा ती काय बघायची. मलाही ते पटले होते, आणि सकाळच्या विमानापुरते ते आजही पटते.

स्वस्त विमानसेवेबद्दल माझ्या मनात आकस नाही, हे आधीच सांगतो. २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन सुरू केली नसती आणि पुढे इतरांनी तोच मार्ग धरला नसता, तर महापालिकेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली माझी बहीण विमानात कधी बसली असती, हे मला सांगता येत नाही. हे भाडे कमी का असते, तेही समजण्यासारखे आहे. एकाच प्रकारची विमाने ठेवायची, म्हणजे वैमानिक, सुटे भाग आणि दुरुस्ती यांचा खर्च आटोक्यात राहतो. विमान उतरल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास पुन्हा उडवायचे. आणि एकाच विमानाकडून दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करून घ्यायच्या. जमिनीवर उभे असलेले विमान पैसे मिळवत नाही, हे त्यामागचे गणित आहे. मात्र याच गणितामुळे सकाळच्या फेरीतला वीस मिनिटांचा उशीर दुपारी तासाचा आणि रात्री तीन तासांचा होतो, कारण मधे तो भरून काढायला मोकळा वेळच ठेवलेला नसतो. त्या दिवसाचा सगळा साचलेला उशीर शेवटच्या विमानातला प्रवासी भोगतो. मला हे तिकीट काढताना कळायला हवे होते.

जातानाचे विमान सकाळी ६.१० चे होते आणि ते वेळेवर सुटले. तक्रार करावी असे एकच घडले, आणि त्यात चूक आमची होती. चेक-इन सामानाची मर्यादा माणशी १५ किलो असते, आमच्या दोन सॅक मिळून ३४ किलो भरल्या आणि वरच्या चार किलोंचे प्रतिकिलो ६०० रुपयांप्रमाणे २,४०० रुपये काउंटरवरच भरावे लागले. महाग कंपनीच्या ज्या तिकिटाशी मी तुलना केली होती त्यावरही मर्यादा १५ किलोच होती, त्यामुळे हा खर्च तिथेही लागला असता. घरी वजनकाटा नसेल तर वाण्याकडे जाऊन सॅक तोलून आणावी. बर्फाचे बूट पायात घालावेत, जाड जाकीट अंगावर घ्यावे. ट्रेकिंगच्या काठ्या आणि बुटांना लावायचे लोखंडी काटे चेक-इन सामानातच टाकावेत, केबिनमध्ये ते नेऊ देत नाहीत. याउलट पॉवर बँक फक्त केबिनच्या पिशवीतच चालते. येताना हे सर्व पाळले आणि एक रुपयाही जादा द्यावा लागला नाही.

आता येतानाचे. डेहराडूनहून सकाळच्या वंदे भारतने आम्ही दुपारच्या आत दिल्लीत पोहोचलो होतो. याच कंपनीचे दुपारी साडेचारचे विमान माणशी ९०० रुपयांनी महाग होते, म्हणून मी रात्री ९.५० चे, म्हणजे त्या मार्गावरचे त्यांचे त्या दिवशीचे शेवटचे विमान घेतले होते. माझ्या सर्व निर्णयांतला हा सर्वांत वाईट निर्णय होय.

आम्ही सव्वासातला सामान देऊन मोकळे झालो. ८.०५ ला मोबाइलवर संदेश आला की विमान १०.५० ला सुटेल. मग ११.४० चा संदेश आला. मग १२.३० चा. प्रत्येक संदेशात खेद व्यक्त केलेला होता आणि प्रत्येक वेळी उशीर तासाभराच्या आतबाहेरचाच होता, त्यामुळे उठून काही करावे असे कोणालाच वाटत नव्हते. मधल्या काळात आमच्या पुढून आणि मागून इतर कंपन्यांची विमाने सुटत होती. कारण विचारले की धुके, असे उत्तर मिळे. सव्वाबाराला प्रत्येकाला एक सँडविच आणि फळांच्या रसाचा एक डबा मिळाला. बाराचाळीसला बसमध्ये घेतले, बारा वाजून पंचावन्न मिनिटे झाली तेव्हा आम्ही विमानात बसलो, दारे लागली, आणि तिथेच ७० मिनिटे बसून राहिलो. दोन वाजून पाच मिनिटांनी कप्तानाने स्वतः घोषणा केली की वैमानिकांच्या कामाच्या तासांची मर्यादा संपली असल्यामुळे हे विमान आता ते नेऊ शकत नाहीत आणि सर्वांना खाली उतरावे लागेल. वैमानिकाने दमलेल्या अवस्थेत विमान उडवू नये, हा नियम माझ्या जिवासाठीच आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार ही आहे की ती मर्यादा केव्हा संपणार हे कंपनीला संध्याकाळीच ठाऊक होते.

गेटवर परत आल्यावर तिथे पंचविशीच्या आतले दोघे उभे होते, एक मुलगा आणि एक मुलगी. दीडशेच्या वर माणसे त्यांच्याभोवती जमली. त्या मुलाच्या हातात वॉकीटॉकी होता आणि तो पलीकडून जे ऐके तेच आम्हाला सांगे. त्यापलीकडे त्याला काही ठरवण्याचा अधिकार नव्हता. मी आवाज चढवला, तेव्हा ताईने माझा दंड धरला.

"अरे, त्याच्यावर कशाला ओरडतोस? तो पोरगा दुपारपासून उभा आहे, त्याचे पाय बघ."

"मग विचारायचं तरी कोणाला, ताई?"

तिच्याकडे उत्तर नव्हते आणि त्या मुलाकडेही नव्हते. त्याने आपल्या बुटांची नाडी सैल केलेली होती आणि तो एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत होता. भाडे कमी ठेवण्यासाठी जी गोष्ट काढून टाकलेली असते ती सँडविच नव्हे, तर रात्री दोन वाजता निर्णय घेऊ शकणारा माणूस असतो, हे मला तिथे कळले. विमान पहाटे ४.४० ला सुटले आणि ६.५० ला पुण्यात उतरले. ताई त्या रात्री सॅकच्या पावसाळी आवरणावर फरशीवर झोपली. दिल्लीच्या जानेवारीत ती फरशी सांकरीच्या तंबूपेक्षा थंड लागते. स्लीपिंग बॅगचे अस्तर आणि एक जाड मोज्यांचा जोड चेक-इनमध्ये न टाकता हाताशी ठेवा.

नियमांबद्दल लोकांमध्ये फार गैरसमज आहेत आणि माझेही होते, म्हणून आमच्या प्रवासाच्या वेळी लागू असलेले डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) नियम सविस्तर लिहितो. उशीर झाला म्हणून रोख भरपाई मिळत नाही. पाच, साडेसात किंवा दहा हजार रुपयांच्या ज्या रकमा ऐकू येतात, त्या पुरेशी पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केल्यास लागू होतात, आणि तेव्हाही ती रक्कम किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार यांपैकी जे कमी असेल तेच मिळते. पुणे–दिल्लीसारख्या दोन तासांहून अधिक वेळाच्या उड्डाणाला दहा हजारांची मर्यादा आहे. पक्के तिकीट असूनही, जागांपेक्षा जास्त तिकिटे विकल्यामुळे चढू दिले नाही, तर त्याची भरपाई वेगळी आणि अधिक असते. उशिराच्या बाबतीत मिळते ते असे: अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांवर उशीर झाला तर खाणेपिणे, सहा तासांवर उशीर होणार असेल तर दुसरे उड्डाण किंवा पूर्ण पैसे परत, आणि रात्री आठ ते पहाटे तीन या वेळात सुटणारे विमान सहा तासांहून अधिक रखडणार असेल तर हॉटेलात राहण्याची सोय.

आमचा उशीर ६ तास ५० मिनिटांचा झाला. हॉटेलचा प्रश्न कोणीच काढला नाही, कारण तो उशीर एकदम सहा तासांचा म्हणून जाहीरच झाला नव्हता. तो तासातासाच्या हप्त्यांनी आला. त्यातच दुसरी मेख अशी, की कंपनीच्या आवाक्याबाहेरच्या कारणाने उशीर झाला असेल तर या जबाबदाऱ्यांतून तिला सूट मिळते, आणि धुके हे तसे कारण आहे, वैमानिकांचे वेळापत्रक चुकणे हे मात्र तसे कारण म्हणून मान्य करायला मी तयार नाही. म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे की गेटवर वाद घालण्यात शक्ती घालवू नका, कारण लेखी मागा. लेखी देत नसतील तर घोषणा झाली ती वेळ आणि सांगितलेले कारण फोनमध्ये टिपून ठेवा, सर्व संदेश जपून ठेवा, गेटवरच्या फलकाचे छायाचित्र काढा. मी बोर्डिंग पासच्या मागे पेनने नऊ नोंदी केल्या होत्या आणि पुढे त्याच उपयोगी पडल्या.

घरी आल्यावर कंपनीला ईमेल केली. चौथ्या दिवशी जे उत्तर आले त्यात माझ्या एकाही प्रश्नाचा उल्लेख नव्हता. सहा महिन्यांत वापरायचे माणशी हजार रुपयांचे कूपन देऊ केले होते, ते मी नाकारले. मग केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि बोर्डिंग पासचे छायाचित्र जोडले. त्यानंतर मात्र कंपनीच्या नोडल (तक्रारींसाठी नेमलेल्या) अधिकाऱ्याचा फोन आला, वैमानिकांच्या कामाच्या तासांचे कारण लेखी मान्य झाले, आणि पाच आठवड्यांनी विमानतळावरच्या जेवणाच्या पावतीचे ८६० रुपये परत मिळाले. ग्राहक सेवेच्या फोनवर मी एकूण अडीच तास घालवले, त्यांचा शून्य उपयोग झाला. फोन करूच नका, सरळ ईमेल आणि मग एअरसेवा.

हिशेब असा. वाचणाऱ्या ७,०२० रुपयांतून दोन्ही वेळच्या आसनांचे १,९०० गेले, कारण ताईला पाय मोकळे करायला कडेची जागा हवी होती आणि मला तिच्या शेजारी बसायचे होते. जाताना विमानातल्या खाण्याचे ६०० गेले. दिल्लीतल्या त्या रात्रीचे ८६० परत मिळाले, म्हणून ते धरलेले नाहीत. उरले ४,५२०, म्हणजे माणशी २,२६० रुपये. त्यांतले जे पैसे जातानाच्या सरळ, वेळेवरच्या उड्डाणात वाचले ते पूर्णपणे योग्य होते. येतानाच्या वाचलेल्या पैशांसाठी ६२ वर्षांच्या बाईला फरशीवर झोपावे लागले, आणि तो व्यवहार मी पुन्हा करणार नाही.

त्यामुळे माझे मत कोणत्या कंपनीने जावे याबद्दल कमी आणि कोणत्या वेळी जावे याबद्दल अधिक आहे. पहाटेचे पहिले विमान असेल तर डोळे मिटून सर्वांत स्वस्त घ्या, कारण ते विमान बहुधा रात्रभर तिथेच उभे असते. दिवसातले शेवटचे विमान कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका, आणि डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून येणारे तर नाहीच. दुपारचे घ्यायचे झाल्यास ज्या कंपनीची त्या मार्गावर दिवसाला अनेक उड्डाणे आहेत तिचे घ्या, मग ती स्वस्त असो वा महाग. एक रद्द झाले तर बसवायला दुसरे विमान तिच्याकडे असते, आणि दिवसाला एकच फेरी करणाऱ्या कंपनीचे सौजन्य त्या वेळी कामाला येत नाही. सुटण्याच्या तीन-चार तास आधी फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर आपले विमान या क्षणी कुठे आहे ते पाहा. उरलेल्या वेळात ते इथे येऊन पुन्हा उडणे शक्य नसेल, तर संदेश काहीही म्हणो, तुमचे विमान वेळेवर सुटणार नाही. पुढच्या प्रवासाचे तिकीट वेगळे काढलेले असेल तर ते चुकल्याची जबाबदारी पहिली कंपनी घेत नाही, तेव्हा दिल्लीत रेल्वेसाठी किमान सहा तास हाताशी ठेवा.

कोथरूडकरांसाठी एक बारीकशी गोष्ट: दिवसा उतरलात तर रिक्षाने रामवाडीला जाऊन मेट्रोने थेट वनाझकडे येता येते. रात्री उशिरा उतरलात की एरोमॉलपर्यंत (विमानतळाच्या वाहनतळाच्या इमारतीपर्यंत) सामान ओढत जाऊन टॅक्सीसाठी उभे राहण्यावाचून मार्ग नाही, आणि शेवटच्या विमानाचे वाचलेले पैसे तिथेही खर्ची पडतात.

मे महिन्यात आम्ही पुन्हा उत्तरेत जाणार आहोत. या वेळी तिकिटे ताईने स्वतः निवडली. कंपनी तीच आहे, मात्र परतीचे विमान सकाळी ७.२० चे आहे आणि त्यासाठी आदल्या रात्री पहाडगंजमध्ये १,४०० रुपयांची खोली घेतली आहे.