रस्त्याच्या कोणत्या बाजूने?

आज दिवसभर एका छोट्या शहरातील मुख्य रस्त्यालगतच्या जलवाहिनीची आखणी करत होतो. नकाशावर सरळ दिसणारी रेघ प्रत्यक्षात वीज केबल, दूरसंचार वाहिन्या आणि जुन्या झाडांची मुळे चुकवत जाते. त्यातही सर्वांत कठीण अट मलवाहिनीची असते. केंद्र शासनाच्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेनुसार दोन्ही वाहिन्यांत ३ मीटर आडवे अंतर हवे, आणि ते मिळत नसेल तर जलवाहिनी स्वतंत्र चरात, तिचा तळ मलवाहिनीच्या माथ्यापेक्षा किमान ०.५ मीटर वर राहील अशी टाकावी लागते. आपल्या बहुतेक शहरांत पाणी काही तासच सोडले जाते आणि पुरवठा थांबल्यावर रिकाम्या होणाऱ्या वाहिनीत सांध्यांतून दूषित पाणी ओढले जाऊ शकते, म्हणून ही अट मला कधीच केवळ कागदी वाटत नाही. अखेर मलवाहिनीच्या विरुद्ध बाजू निवडली. नळजोडण्यांसाठी रस्ता अधिक ठिकाणी ओलांडावा लागेल आणि खर्च वाढेल, तरी तो करायलाच हवा. उंचवट्यांवर वायुझडपा (वाहिनीत अडकलेली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा) आणि सखल जागी गाळ काढण्याच्या झडपा दाखवल्या आहेत. वळणांवर पाण्याच्या दाबाने वाहिनी सरकू नये म्हणून लागणाऱ्या काँक्रीटच्या आधारठोकळ्यांची जागा मात्र जमिनीखाली काय आहे हे पाहण्यासाठी चाचणी खड्डे घेतल्यावरच ठरेल.