कुत्र्याला निसर्गातलं नाव ठेवायचंय? मग आधी त्याला पळताना बघा

घरात पिल्लू येणार असं ठरलं की लगेच नावाची चर्चा सुरू होते, आणि हल्ली बऱ्याच जणांना टॉमी, ब्रूनो वगैरे नको असतं, निसर्गातलं काहीतरी हवं असतं, झाड, पाऊस, तारा, पक्षी असं. मला हे मनापासून आवडतं. फक्त होतं काय की लोक मोबाईलवर नावांची लांबलचक यादी उघडतात, अर्थ छान वाटला ते नाव उचलतात आणि पिल्लू अजून घरी आलेलंसुद्धा नसतं. माझं मत याच्या अगदी उलट आहे. आधी पिल्लू येऊ दे, थोडे दिवस त्याला नुसतं बघत बसा, ते चालतं कसं, थांबतं कसं, कशावर भुंकतं, झोपेतून उठल्यावर काय करतं, आणि मग नाव शोधायला लागा. आणि रंगावरून तर शक्यतो ठेवूच नका.

रंगाचं एवढं का म्हणते, तर पिल्लांचे रंग बदलतात. डाल्मेशियनची पिल्लं जन्मतात तेव्हा चक्क पांढरी असतात, ठिपके नंतर उमटायला लागतात. केरी ब्लू टेरियर जन्मतः काळं असतं आणि मोठं होताना हळूहळू करडं-निळसर होत जातं, यॉर्कशायर टेरियरचं पिल्लू काळं-तांबूस असतं आणि मोठेपणी त्याच्या पाठीवरचे केस पोलादी रंगाचे होतात. डोळ्यांचंही तेच, पिल्लाचे डोळे उघडतात तेव्हा निळसर दिसतात, पुढे बहुतेकांचे तपकिरी होतात. म्हणजे निळे डोळे बघून नभ ठेवावं आणि चार महिन्यांनी डोळे मातीच्या रंगाचे. आणि म्हातारपणी तर तोंडावरचे केस बहुतेकांचे पांढरे होतात. चाल मात्र टिकते. वयाबरोबर वेग कमी होईल, पण आधी दोन पावलं टाकून मग मागे वळून बघणारं कुत्रं म्हातारपणीही तेच करतं.

आमच्या कुत्रीचं नाव टिटवी आहे. ती आली तेव्हा नुसते पायच पाय होते, अंग बारीक आणि पाय लांब, चार पावलं तुरूतुरू पळायची, एकदम थबकायची, मान वाकडी करून बघायची, परत चार पावलं. टिटवी पक्षी ज्यांनी जवळून बघितलाय त्यांना हे लगेच कळेल, तो मोकळ्या जमिनीवर अगदी असाच वागतो, पळतो, थांबतो, वाकून काहीतरी टिपतो, पुन्हा पळतो. आणि दुसरं म्हणजे आवाज. टिटवी अंडी उघड्या जमिनीवर खड्यांमध्येच घालते, म्हणून सतत सावध असते, कोणी लांबून जरी येताना दिसलं तरी आरडाओरडा करून सगळा परिसर जागा करते, रात्रीसुद्धा. आमची पण तशीच, दाराबाहेर कोणाचं पाऊल वाजलं की आम्हाला कळायच्या आधी हिला कळलेलं असतं. आई एकदा सहज म्हणाली, "अगं ही तर टिटवीच आहे", आणि नाव पक्कं झालं. याआधी मी वहीत लिहून ठेवलेली सगळी सुंदर सुंदर नावं त्या क्षणी बाद झाली, आणि त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

त्या वहीतल्या नावांची अजून एक अडचण होती, ती मराठीत फार येते. आपल्याकडे निसर्गातली अर्धी नावं आधीच माणसांना दिलेली आहेत. सागर, वर्षा, किरण, तुषार, पंकज, पल्लवी, वसंत, शरद, हेमंत, शिशिर, सगळं निसर्गच आहे, पण जिन्यात उभं राहून "तुषार, इकडे ये!" अशी हाक मारली तर वरच्या मजल्यावरून माणूस उतरून येईल. आणि एखाद्याला स्वतःच्या किंवा गेलेल्या आजोबांच्या नावाने कुत्र्याला हाक मारलेली आवडत नाही, ती भावना मला पटते, उगाच कोणाला दुखवायचं कशाला. यावर मला सापडलेला मार्ग असा की संस्कृत वळणाच्या शब्दांपासून जरा लांब जायचं आणि रोजच्या बोलण्यातले शब्द बघायचे, ढग, गार, झड, पागोळी, कवडसा, तिरीप, लव्हाळा, खार, मुंगूस, चंडोल. हे शब्द माणसांच्या नावात सहसा येत नाहीत, त्यामुळे मोकळे आहेत, आणि कानालाही किती ताजे लागतात! पारिजात म्हटलं की फुलं आठवतात, पण पागोळी म्हटलं की पावसाचा आवाजच ऐकू येतो, मला तर दुसरं जास्त जिवंत वाटतं.

सोव्हिएत काळात अंतराळात पाठवलेल्या कुत्र्यांची नावं बघा, तीही अशीच साधी बोलीतली आहेत. १९६० साली पृथ्वीभोवती फिरून सुखरूप परत आलेल्या जोडीतली बेल्का म्हणजे खार. मार्च १९६१ मध्ये जाऊन आलेली झ्व्योझ्दोच्का म्हणजे छोटीशी चांदणी. १९६६ मध्ये कॉसमॉस ११० यानातून २२ दिवस राहून आलेले दोघं होते व्हेतेरोक आणि उगोल्योक, म्हणजे झुळूक आणि निखारा. त्या बिचाऱ्यांवर जे लादलं गेलं ते वेगळं, त्याबद्दल मला वाईटच वाटतं, पण नावं ठेवणाऱ्यांनी त्यांच्याकडे प्रेमाने बघितलं होतं एवढं त्या नावांतून नक्की दिसतं.

आता हाकेबद्दल, कारण नाव कागदावर कसं दिसतं यापेक्षा ते हाकेत काय होतं हे महत्त्वाचं. मराठीत आपण नाव आहे तसं कधी ठेवतच नाही, ढगचा ढग्या होणार, पळसचा पळश्या, कवडसाचा कवड्या, पागोळीची पागू. त्यामुळे नाव निवडतानाच त्याचं लाडाचं रूप आणि चिडल्यावरचं रूप दोन्ही मोठ्याने म्हणून बघा, कारण पुढची बारा-तेरा वर्षं तेच तोंडात असणार आहे. व्याध हे नाव माझ्या एका मित्राला फार हवं होतं, आणि कारणही चांगलं होतं, व्याध म्हणजे सिरियस, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, बृहल्लुब्धक तारकासमूहातला, म्हणजे पाश्चात्त्यांच्या मोठ्या कुत्र्यातला, आपल्यापासून साधारण ८.६ प्रकाशवर्षं लांब. आपल्याकडे तो हरणामागे लागलेला शिकारी आणि तिकडे कुत्र्याचा तारा, दोन्हीकडून नाव चपखल बसतं. पण लांबून जोरात ओरडून बघा, व्याध, शेवटचा ध हवेतच विरून जातो. मित्राने शेवटी मृग ठेवलं, आता सगळे त्याला मृगू म्हणतात आणि तो येतो पण धावत.

छोटं नाव ठेवा हा सल्ला काही आजचा नाही, ग्रीक लेखक झेनोफन याने जवळजवळ २४०० वर्षांपूर्वी शिकारी कुत्र्यांबद्दल लिहिताना हेच सांगितलंय, की हाक मारायला सोपी अशी छोटी नावं ठेवा, आणि पुढे नावांची भली मोठी यादीही दिलीये, त्यात सूर्यकिरण या अर्थाचं अॅक्टिससुद्धा आहे. म्हणजे निसर्गातलं नाव ही हल्लीची फॅशन आहे असं कोणी म्हणालं तर खुशाल हे सांगा. लांब नाव कुत्र्याला कळत नाही असं मात्र नाही हं, चेसर नावाच्या बॉर्डर कॉली जातीच्या कुत्रीला १,०२२ खेळण्यांची वेगवेगळी नावं ओळखता यायची, त्यावरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अडचण आपली आहे, घाईत लांब नाव आपल्याच तोंडून नीट येत नाही आणि मग प्रत्येक जण वेगळं काहीतरी हाक मारतो. गर्दीत हाक ऐकू जाईल का ही काळजीही फार करू नका, मेरीलँड विद्यापीठातल्या २०१९ च्या अभ्यासात दिसलं की मागे तेवढ्याच आवाजात लोक बोलत असले तरी कुत्री स्वतःचं नाव वेगळं ओळखतात. हाक मारणारा आवाज ओळखीचा नसतानासुद्धा! मला हे वाचून फार भारी वाटलं होतं.

जी काळजी खरंच घ्यायची ती म्हणजे नाव रोजच्या सूचनांसारखं ऐकू यायला नको. माझ्या भावाला थेंब हे नाव फार आवडलं होतं, मलाही, इतकं गोड नाव आहे, पण आम्ही दिवसभर थांब थांब करत असतो, मग त्याने ओळखायचं कसं? बसंतमध्ये सुरुवातीलाच बस आहे. चपला, म्हणजे वीज, आणि चला यांचं तर एकमेकांशी यमकच जुळतं. इंग्रजी सूचना वापरत असाल तर स्नो आणि नो, क्ले आणि स्टे. पांढऱ्या कुत्र्याला स्नो ठेवतात आणि मग दिवसभर त्याला नो म्हणतात, त्या जिवाला स्वतःच्या नावातच ओरडा ऐकू येत असेल. हे मला खरंच खटकतं, कारण नाव हा शब्द कुत्र्यासाठी कायम आनंदाचाच राहायला हवा. नाव घेतलं की जवळ येणं, खाऊ, खाजवणं, खेळ, असंच व्हायला पाहिजे. रागवायचं असेल तेव्हा नाव घेऊच नका.

वणवा, वादळ, वीज असली नावं मोठ्या दणकट कुत्र्यांना ठेवायचा मोह होतो, कळतं मला, ऐकायला जोरदार वाटतात. पण समोरून येणाऱ्या लहान मुलाला तुम्ही "वणव्या, थांब!" असं ओरडताना ऐकू आलं तर ते घाबरणारच, आणि लोक घाबरून आखडले की कुत्रंही सावध होतं. मोठ्या कुत्र्याला मऊ नाव द्या, कापूस, धुकं, दव. इवल्याशा आणि तुरतुर्‍या कुत्र्याला खार किंवा चंडोल. जे कुत्रं घरात जिथे उन्हाचा तुकडा पडेल तिथे सरकत सरकत जाऊन झोपतं त्याला कवडसा, यापेक्षा बरोबर नाव मला सुचत नाही. जे पाण्यात घुसल्याशिवाय राहत नाही ते पाणकावळा.

आपल्या सगळ्यात जुन्या कुत्रीचं नावही चालीवरूनच आलंय असं मानतात. ऋग्वेदातली सरमा, इंद्राच्या सांगण्यावरून, पणी नावाच्या त्याच्या शत्रूंनी लपवलेल्या गायींचा माग काढत नदी ओलांडून गेलेली. वेदातल्या शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या प्राचीन यास्काने तिच्या नावाचा संबंध सरण्याशी, म्हणजे धावत पुढे जाण्याशी जोडलाय. मला हे टिटवीचं नाव ठेवल्यानंतर कळलं आणि इतका आनंद झाला की घरात सगळ्यांना धरून धरून सांगितलं.

आणि मोठं कुत्रं दत्तक घेतलं असेल, त्याला आधीचं नाव असेल, तर ते बदलता येतं का? येतं. थोडे दिवस दोन्ही नावं जोडून घ्या, नवं आधी आणि जुनं लगेच मागून, दरवेळी खाऊ द्या, मग जुनं हळूहळू गाळा. फक्त जुन्या नावाला ते शेपटी हलवत धावत येत असेल तर मी म्हणेन राहू दे तेच, मग ते टॉमी का असेना. पण जुनं नाव ऐकून अंग चोरत असेल, कोपऱ्यात जात असेल, तर अजिबात वाट बघू नका, पहिल्या दिवसापासून नवं नाव द्या, आणि त्याची चाल अजून नीट दिसली नसेल तर तात्पुरतं काहीही गोड म्हणा, बाळा म्हणा, ते घाबरायचं थांबलं की त्याची खरी चाल दिसेल, मग नाव सुचेलच.