तुम्ही विचारलंत म्हणून: लायब्ररीत कॉन्फिगसाठी रेडिमेड पॅकेज का नाही

"पायडँटिक असताना सेटिंग्ज हाताने का तपासता?" माझ्या लेबल-प्रिंटिंगच्या पायथन लायब्ररीबद्दल हे इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच लिहून टाकतो. पायडँटिक म्हणजे सेटिंग्ज, डेटा बरोबर आहे का ते तपासणारं तयार पॅकेज.

माझं त्या पॅकेजांशी वाकडं नाही. स्वतःचं अ‍ॅप असेल तर मीही पायडँटिकच घेतो. पण लायब्ररी दुसऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये जाऊन बसते, आणि पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणारं टूल, एका एन्व्हायर्नमेंटमध्ये एका पॅकेजचं एकच व्हर्जन ठेवतं. जून 2023 ला पायडँटिक 2 आलं, त्यातला सेटिंग्ज वाचणारा भाग, बेससेटिंग्ज, वेगळ्या पॅकेजात गेला. मी 2 मागायचं, त्यांचं दुसरं काही 1 वर अडलेलं, आणि निस्तरायचं कुणी, तर त्यांनीच.

त्याच वर्षीच्या जुलैचं सांगतो, पॅकेज दुसरं पण दुखणं तेच. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना, एक्स्पोर्टचा माल न्हावाशेवाला निघायचा, कार्टनची लेबलं माझ्या लायब्ररीवर. जुना पीसी बसला, नव्यावर इन्स्टॉल करायला घेतलं तर सगळं लाल. तिथल्या पोराचा फोन, "सर, आम्ही कायच बदललं नाही ओ, गाडी उभी आहे, कायतर करा की लवकर." आणि खरंच कुणीच काही बदललं नव्हतं. प्रिंटरचा पोर्ट, लेबलची रुंदी, डीपीआय (इंचाला किती ठिपके) एवढंच वाचायला मी पाययामल, म्हणजे यामल प्रकारची फाइल वाचणारं पॅकेज, घेतलेलं. त्यांच्या दुसऱ्या एका पॅकेजने ते 6 च्या खाली अडवलेलं, म्हणून 5.4.1 यायचं, त्याचं तयार व्हील (आधीच बिल्ड करून ठेवलेलं पॅकेज) पायथन 3.10 ला नाही, मग पिप सोर्समधून बिल्ड करायला बसलं, बिल्डला सायथन (पायथनसारखा कोड सीमध्ये बदलणारं टूल) लागतं आणि सायथन 3 नुकतंच आलेलं, त्याच्याशी ते जुनं बिल्ड जुळेना. तो पोरगा एररमधलं 'सायथन सोर्सेस' एकेक अक्षर करून वाचत होता आणि मागे कुणीतरी त्याच्यावर ओरडत होतं. कन्स्ट्रेंट फाइलमध्ये, म्हणजे पिपला व्हर्जनची मर्यादा सांगणाऱ्या फाइलमध्ये, सायथन 3 च्या खाली बांधलं तेव्हा लेबलं निघाली. त्या पोराने शिव्या खाल्ल्या, त्याचा काय संबंध होता?

तेव्हापासून लायब्ररी फक्त डिक्ट, म्हणजे पायथनमधली नाव-किंमत जोड्यांची यादी, घेते. फाइल कुठली, यामल की आणखी काय, ते अ‍ॅपवाल्याने ठरवावं.

पूर्वीचा मी म्हणायचो, लोकांनी घासूनपुसून पक्कं केलेलं सोडून आपलं कच्चं कशाला लिहायचं. त्याचं अगदीच चूक नव्हतं, हे आजही मान्य आहे. डीपीआयचे 203 कुणी अवतरणचिन्हांत लिहिले तर माझी दीडशेएक ओळींची तपासणी "सेटिंग चुकीचं" एवढंच सांगते, पायडँटिक एरवी त्याचा आकडा करून घेतं, आणि ते जमण्यासारखं नसेल तर नेमकं फील्ड दाखवतं. तरी मी ते आत घेणार नाही, कितीही जणांनी आग्रह केला तरी.

सोबतचं छोटं कमांड-लाइन टूल टॉमल (यामलसारखाच सेटिंग्जच्या फाइलचा एक प्रकार) वाचतं, कारण ते वाचणारं टॉमललिब 3.11 पासून पायथनमध्येच आहे. आता 3.10 वाले म्हणतात टॉमली हे बाहेरचं पॅकेज घ्या. टॉमललिब त्यातूनच आलंय, त्याच्यामागे दुसरं पॅकेजही येत नाही, म्हणजे नाही म्हणायला कारण सापडत नाही आणि हो म्हणायला हात उचलत नाही. ती मागणी अजून तशीच उघडी ठेवलीय.