माइटनेरियम: एकच अणू, पाच मिलिसेकंद

मी नववी-दहावीच्या मुलांना घरी सायन्स शिकवते. भिंतीवर पिरियॉडिक टेबलचा मोठा चार्ट आहे, त्यात अगदी खालच्या ओळीतली काही घरं करडी आहेत. परवा एकीने विचारलं, "टीचर, १०९ ला रंग का नाहीये?" म्हटलं अगं, त्याचे गुणधर्म अजून कोणी तपासूच शकलेलं नाही. मग त्या दिवशीचा धडा राहिला बाजूला आणि तासभर माइटनेरियमच, म्हणजे हे १०९ नंबरचं मूलद्रव्यच चाललं.

२९ ऑगस्ट १९८२. जर्मनीतल्या डार्मश्टाट गावची जीएसआय ही लॅब, तिथे पीटर आर्मब्रुस्टर आणि गॉटफ्रीड म्युन्झेनबर्ग यांची टीम बिस्मथच्या पातळ थरावर लोखंडाच्या अणुकेंद्रकांचा मारा करत होती. बिस्मथचे प्रोटॉन ८३, लोखंडाचे २६, बेरीज १०९! मुलांना हे फार आवडलं, पण ही बेरीज जुळणं महाकठीण, कारण दोन्हीकडे धन प्रभार म्हणजे ते एकमेकांना ढकलणार, वेग कमी पडला तर केंद्रकं भेटतच नाहीत आणि जास्त झाला तर नवं केंद्रक तापून फुटून जातं, म्हणून ऊर्जा अगदी नेमकी ठेवावी लागते. अब्जावधी कण वाया गेले आणि हाती आला एक अणू. एकच! तोही साधारण ५ मिलिसेकंद टिकला.

मग तो होता हे कळलं कसं? त्याने अल्फा कण, म्हणजे दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनचा गठ्ठा, टाकला आणि १०७ झाला, त्यानेही अल्फा टाकला आणि १०५ झाला, अशी पूर्ण साखळी डिटेक्टरने वेळेसकट टिपली. मुलं गेल्यावर आई घरातल्या पसाऱ्यावरून ओळखते ना कोण येऊन गेलं, तसंच. मला तर हा पुरावा प्रत्यक्ष बघण्याइतकाच पक्का वाटतो. पुढे आणखी अणू मिळाले आणि जास्त टिकणारे आयसोटोपही (प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन वेगळे असलेले प्रकार) सापडले, पण जास्त म्हणजे काही सेकंद. टेबलमध्ये हे घर इरिडियमच्या खाली येतं, म्हणून हा खूप जड, घन धातू असावा असं गणित सांगतं. केमिस्ट्रीचा प्रयोग मात्र त्याच्यावर अजून एकही झालेला नाही.

आणि नाव! ते फिजिक्सवाल्या लीझ माइटनर यांच्यावरून, व्हिएन्नात १८७८ ला जन्मलेल्या. बर्लिनमध्ये सुरुवातीला बाई म्हणून त्यांना इन्स्टिट्यूटच्या वरच्या मजल्यांवर प्रवेश नव्हता, सुताराच्या जुन्या वर्कशॉपमध्ये प्रयोग केले. जन्माने ज्यू, त्यामुळे १९३८ च्या जुलैत सगळं सोडून पळावं लागलं. त्याच डिसेंबरात स्वीडनमध्ये त्यांना बर्लिनमधले जुने सहकारी, केमिस्ट ऑटो हान यांचं पत्र आलं की युरेनियमवर न्यूट्रॉन मारले तर बेरियम मिळतंय, हे काय आहे? माइटनरबाई भाच्याबरोबर, म्हणजे ऑटो फ्रिशबरोबर, बर्फात फिरायला गेल्या आणि तिथेच एका ओंडक्यावर बसून कागदाच्या कपट्यांवर हिशोब मांडला: केंद्रक दुभंगतंय आणि २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा बाहेर पडतेय. अणुविखंडनाचा अर्थ असा लागला. १९४४ चं केमिस्ट्रीचं नोबेल मात्र एकट्या हान यांना मिळालं. हे सांगताना दरवेळी माझा आवाज चढतो, आणि चढायलाच पाहिजे.

१०९ सापडलं त्या काळात जड मूलद्रव्यांच्या नावांवरून अमेरिकन, रशियन आणि जर्मन लोकांत वर्षानुवर्षं भांडणं चालली. हान यांच्यावरून हानियम हे नावसुद्धा पुढे आलं होतं, पण शेवटी ते कुठल्याच घरात बसलं नाही. १०९ च्या नावावर मात्र वाद झाला नाही, १९९७ मध्ये माइटनेरियम कायम झालं. बाई त्याच्या कितीतरी आधी, १९६८ मध्येच गेल्या होत्या.

चार्टवर त्या करड्या घरात नुसतं एमटी छापलंय. क्लास सुटल्यावर त्या मुलीने खाली पेन्सिलीने पूर्ण नाव लिहिलं, लीझ माइटनर.