जहाजावरचा पहिला दिवस

चढलो एकदाचे जहाजावर! बॅगा संध्याकाळपर्यंत केबिनमध्ये येतील म्हणाले, नवरोबांच्या बीपीच्या गोळ्या मी हातातल्या पर्समध्ये ठेवल्या होत्या म्हणून बरं 😄 निघायच्या आधी सगळ्यांची सेफ्टी ड्रिल, भोंग्याचे ७ छोटे आणि १ लांब आवाज आले की आपापल्या ठरलेल्या जागी जायचं. पूर्वी म्हणे २४ तासांत कधीही घेतली तरी चालायची, पण २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाचं प्रवासी जहाज कलंडलं आणि त्यानंतर नियम बदलला, आता सुटायच्या आधी नाहीतर सुटल्यावर लगेच. काही जण तोंडं वाकडी करत होते, मला तर पटलं बाई. पण खरी मजा पुढेच, बंदराबाहेर आल्यावर वाट दाखवायला आलेला पायलट चालत्या जहाजाच्या कडेला सोडलेल्या दोराच्या शिडीवरून उतरला आणि बरोबरीने पळणाऱ्या छोट्या बोटीत टुणकन गेला, आम्ही दोघं वरून श्वास रोखून बघतोय आणि तो आपला घरचा जिना उतरल्यासारखा! आता जरा हलायला लागलंय, नवरोबा आडवे झालेत, मी एकटीच जेवायला चाललेय. आणि हो, आज रात्री घड्याळ एक तास मागे करायचंय, तेवढीच झोप जास्त.